नानांच्या वहीतल्या आडव्या रेघा

शिंदखेड्याला आमच्या शेजारी एकनाथनाना राहायचे. त्यांच्या अंगणात दोन वस्तू होत्या आणि दोन्ही गावाच्या थट्टेचा विषय होत्या. एक म्हणजे जमिनीत अर्धं पुरलेलं तांब्याचं नळकांडं, वर नरसाळं बसवलेलं. दुसरी म्हणजे चार पायांवर उभी केलेली पांढरी लाकडी पेटी, चारी बाजूंना तिरप्या पट्ट्यांची. नळकांड्यात पाऊस मोजायचा आणि पेटीत तापमापक टांगलेले. पेटीला गाव नानांचं खुराडं म्हणायचं. गल्लीत कुणाकडे नवा जावई आला की त्याला मुद्दाम त्या अंगणावरून नेत आणि विचारत, सांगा पाहू, यात कोंबड्या किती मावतील.

नाना जिनिंगमध्ये काट्यावर कामाला होते. कापसाच्या गाड्या वजनाला लागायच्या आणि दांडी डोलायची पूर्ण थांबत नाही तोवर नाना एक हात वर करून म्हणायचे, थांबा. मागच्या गाडीचे बैल कंटाळून खाली बसायचे, गाडीवाला शिव्या घालायचा, मुकादम दारातून डोळे वटारायचा. नानांचा हात आपला वरच. त्यामुळे त्यांचं नावच थांबानाना पडलं होतं. असा माणूस पावसाच्या नादी लागला याचं मला तरी नवल वाटत नाही. गाडीवाला घाई करतो, पाऊस करत नाही.

ते नळकांडं त्यांनी साठ सालाच्या आसपास आणलं. तालुक्याच्या कचेरीत नवं आलं तेव्हा जुनं, तळाला भोक पडलेलं, भंगारात पडलं होतं. नानांनी अर्ज करून, खेटे घालून ते मागून घेतलं. रहीमचाचा पत्रेवाल्यांनी भोक बुजवून देताना विचारलं म्हणे, नाना, इसमें पानी रखना है या छानना है. त्या दिवसापासून रोज सकाळी साडेआठला नाना अंगणात उकिडवे बसत, नळकांड्यातली बाटली काढत, पाणी काचेच्या मापात ओतत, एक डोळा मिटून दुसरा पाण्याच्या रेषेच्या अगदी समोर आणत. मग घरात जाऊन वहीत आकडा लिहीत. त्याच्या आधी कुणी रस्त्यावरून 'नाना, कितला पडना?' असं ओरडून विचारलं तर उत्तर मिळायचं नाही. "आधी कागद, मंग कान," असं ते म्हणत. वहीत लिहून झालं की मग साऱ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं सांगत.

आमच्याकडे पाऊस पडतो तो थोडा आणि न पडतो तो फार. त्यामुळे नानांच्या वह्या उघडल्या की पानंच्या पानं शून्यं दिसायची. मी शाळेत असताना एकदा त्यांना शहाणपणा शिकवला होता की नाना, रोज शून्य कशाला लिहिता, पडेल त्याच दिवशी लिहा, बाकी समजून घ्यायचं. नानांनी मला वहीत एक शून्य दाखवलं आणि त्याच पानावरची एक आडवी रेघ दाखवली. मग म्हणाले, "शून्य म्हंजे मी देखं आनि पडना नही. रेघ म्हंजे मी देखंच नही. जे देखं नही, ते लिखानं नही." मी मान डोलावली. मान डोलावणं आणि समजणं यात फरक असतो, हे पुढे माझ्याच हातून सिद्ध व्हायचं होतं.

अशा रेघा त्यांच्या वहीत फार थोड्या होत्या. एक होती धुळवडीच्या दुसऱ्या दिवशीची. गल्लीतल्या टारगट पोरांनी नळकांड्यात रंगाचं पाणी ओतलं होतं. नानांनी ते बाहेर काढून आधी मोजलं, मग फेकलं, वहीत रेघ ओढली आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं, पोरांचा पाऊस. उन्हाळ्यात तर गावाशी त्यांचं रीतसर भांडणच असायचं. पेपरात जळगावचा पारा कुठल्या कुठे गेल्याचं छापून यायचं आणि नानांच्या खुराड्यातला तापमापक त्याच्या दीड-दोन अंश खाली. गावाला तो अपमान वाटायचा. आमचं ऊन काय जळगावपेक्षा कमी आहे का, नाना मुद्दाम कमी लिहितात, असं लोक पारावर बोलत. एकदा दोन-तीन जण जाऊन म्हणालेसुद्धा, नाना, गावाची इज्जत राखा, अर्धा अंश तरी वाढवा. नानांनी त्यांना ताक पाजलं आणि आकडा तोच ठेवला.

नाना-नानींना मूलबाळ नव्हतं. नानींना आम्ही केसरअक्का म्हणायचो. अक्कांना अक्षरओळख नव्हती. नाना कधी पिंपळनेरला बहिणीकडे लग्नकार्याला गेले की साडेआठचं माप चुकायचं, म्हणून ते जेवणाची पंगत सोडून पहाटेच्या गाडीनं परत यायचे आणि सोयरे रागवायचे. शेवटी त्यांनी अक्कांना फक्त आकडे शिकवले. अ-आ-ई नाही, नुसते एक ते नऊ, शून्य आणि दशांशाचा ठिपका. माझ्या आईनं विचारलं की अक्षरंही शिकवा की, तर नाना म्हणाले, आकडा खोटं बोलला तर सापडतो, आधी तो येऊ दे. अक्का मापात डोकावून, ओठ हलवत, एकेक आकडा कोरल्यासारखा वहीत काढायच्या. त्यांनी लिहिलेल्या आकड्यापुढे नाना परत आल्यावर 'के' असं लिहून ठेवत, म्हणजे कुणी पाहिलं ते कळावं. वर्षाला असे पाच-सहा 'के' असायचे. अक्कांनी आयुष्यात जे काही लिहिलं ते एवढंच.

अठ्ठ्याहत्तर सालच्या श्रावणात अक्का गेल्या. झड लागली होती. पाऊस उघडायची वाट बघून बघून शेवटी भर पावसात नेलं. स्मशानात लाकडं पेटेनात, रॉकेल ओतून ओतून माणसं थकली आणि नाना पत्र्याच्या शेडखाली उभे होते, भिजून गेलेले. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी अंगणात कुणी बसलं नाही. तिसऱ्या दिवशी लख्ख उघडलं. साडेआठला नाना बाहेर आले, बाटली काढली आणि मोजायला बसले. तीन वेळा काच भरून ओतली. मग वहीत पहिल्या दोन तारखांपुढे रेघा ओढल्या, तिसऱ्या तारखेपुढे सगळं पाणी लिहिलं आणि तिन्ही तारखांना मिळून एक महिरप काढली. माझे वडील तिथेच होते. ते सांत्वनाला म्हणून काहीबाही बोलत होते, त्यात म्हणाले की तिन्ही दिवसांत वाटून लिहा ना. नाना म्हणाले, "कोन्ता दिनले कितला पडना, माले काय ठाऊक? वाटी दिधं तं ते मनं व्हई, पानीनं नही." वाटून लिहिलं तर तो आकडा नानांचा होईल, पाण्याचा नाही, हे वडिलांनी घरी येऊन सांगितलं तेव्हा आई म्हणाली, बायको गेली त्या दिवशी तरी माणसानं हिशेबातून बाहेर यावं. मला आज वाटतं, त्या दोन रेघा हेच नानांचं रडणं होतं. दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं ते रडलेले मी पाहिले नाहीत.

त्यानंतर मी शिकले, धुळ्याला गेले आणि एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागले. ब्याण्णव-त्र्याण्णवचा तो काळ. वातानुकूलित खोली, बाहेर चपला काढायच्या, आत चार यंत्रं आणि घरघरणारा प्रिंटर. आम्हाला वाटायचं जगातलं सगळं आम्ही आता या यंत्रांत आणून ठेवणार आहोत. रविवारी गावी गेले की नाना भेटायचे. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, काचेवरची रेषा दोन-दोन दिसते म्हणायचे. पण त्यांचा खरा घोर वह्यांचा होता. तीसच्या वर वह्या लोखंडी पेटीत, आणि पेटीतही वाळवी पोचलेली. मागे कुणी नाही. पुतण्याला विचारलं तर तो सरळ म्हणाला की तुमच्यानंतर या भेळवाल्याकडे जातील. थट्टेत म्हणाला, पण नानांना ते लागलं.

त्याच सुमाराला पेपरात एक छोटी जाहिरात आली. शेती संशोधनाच्या एका कार्यालयाला खाजगी लोकांनी ठेवलेल्या पावसाच्या जुन्या नोंदी हव्या होत्या. अट एकच, नोंदी कॉम्प्युटरवर, फ्लॉपीत भरून पाठवायच्या. ते कात्रण घेऊन नाना आमच्या घरी आले. वह्या टिकाव्यात एवढीच त्या माणसाची या जगाकडे मागणी होती. मी छाती पुढे काढून म्हटलं, नाना, काळजीच करू नका.

आणि मग मी जे केलं ते लिहायला मला आजही जड जातं. पोतंभर वह्या एस.टी.च्या टपावर टाकून धुळ्याला आणल्या. क्लासमधल्या तीन मुलींना सरावाचं काम म्हणून आकडे भरायला बसवलं. वर्षाला तीनशे-तीनशे शून्यं कोण भरणार, वीज तर दिवसातून दोनदा जायची. मी डोकं चालवलं. मुलींना सांगितलं, फक्त पाऊस पडलेले दिवस भरा, बाकीच्या सगळ्या दिवसांत शून्य आपोआप पडेल अशी सोय मी प्रोग्राममध्येच करते. तीन महिन्यांचं काम तीन आठवड्यांत झालं. एका मुलीनं मधे येऊन विचारलंही होतं, मॅडम, इथे दोन रेघा आहेत आणि एक कंस आहे, त्याचं काय करायचं. मी दुसऱ्या बॅचला शिकवत होते. मागे वळून न बघता म्हटलं, सोडून दे, आकडा आहे तेवढा भर.

प्रिंटआउट निघाला तेव्हा वह्यांसकट नानांना नेऊन दाखवला. कडेला भोकं असलेले लांबच लांब कागद त्यांनी ओट्यावर पसरले आणि बोटानं चाचपत राहिले. त्यांना बारीक ठिपक्यांचे आकडे दिसत नव्हते, मला तेव्हा तेही सुचलं नाही. रहीमचाचा म्हातारे झाले होते, त्यांना मुद्दाम बोलावून दाखवलं. नानांना इतकं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मी फ्लॉपी रजिस्टर पोस्टानं पाठवली.

सहा महिन्यांनी एका पानाचं इंग्रजी पत्र आलं. नाना ते घेऊन रविवारची वाट बघत बसले होते. मी ओट्यावर उभ्या उभ्याच वाचायला लागले आणि दुसऱ्या ओळीला बसले. पत्र सभ्य भाषेत होतं. आपल्या नोंदी आसपासच्या केंद्रांशी ताडून पाहिल्या, त्या विश्वासार्ह वाटत नाहीत. उदाहरणादाखल एक जागा दिली होती. अठ्ठ्याहत्तरच्या अमुक दोन तारखांना पंचक्रोशीतल्या सगळ्या केंद्रांवर मुसळधार पाऊस असताना या नोंदीत शून्य आहे आणि तिसऱ्या दिवशी सर्वत्र कोरडं असताना इथे अतिवृष्टी. सबब या नोंदी मागाहून बसून तयार केल्या असाव्यात.

मी मराठीत सांगत होते. तारीखही सांगितली. नानांनी तारीख पुन्हा सांगायला लावली. मी सांगितली. अंगणात कुणाच्या तरी शेळीनं तोंड घातलं होतं, तिला त्यांनी हाकललंसुद्धा नाही.

"तठे शून्य शे?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. मग कसं झालं ते सगळं सांगितलं, मुलींचं, सोयीचं, कंसाचं. ते मला शिव्या देतील म्हणून मी वाट बघत होते. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"त्या माले खोटा म्हनतस," नाना म्हणाले. एवढंच. चौतीस वर्षं अर्धा अंशही न वाढवलेल्या माणसाला एका कार्यालयानं खोटा ठरवलं होतं, आणि तेही माझ्या हातानं. नाना म्हणाले नसते तरी मला ते कळलं असतं.

मी सुट्टी काढून ती अठ्ठ्याहत्तरची वही पिशवीत घालून त्या कार्यालयात गेले. तिथले साहेब तरुण होते, चांगले होते. त्यांनी चहा मागवला, वहीतल्या रेघा आणि महिरप पाहिली, मनापासून वाईट वाटलं त्यांना. चूक वहीत नाही, तुमच्या भरण्यात आहे हे मला पटतं, म्हणाले. पण मी सगळं नव्यानं, रेघांसकट भरून देते म्हटलं तर त्यांनी मान हलवली. त्यांच्या नमुन्यात रिकामा दिवस चालत नव्हता. एक जरी खाना रिकामा राहिला तरी सगळा संच अपुऱ्यांच्या ढिगात जायचा आणि त्या ढिगाकडे कुणी बघत नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. मग आवाज खाली आणून उपाय सुचवला. आसपासच्या केंद्रांचे त्या त्या दिवसांचे आकडे मी देतो, त्यावरून अंदाजानं रेघांच्या जागा भरून टाका, सगळे तसंच करतात. त्यांनी खरोखरच तो तक्ता काढून दिला. मी तो घडी करून पर्समध्ये ठेवला, वापरायचा नाही असं ठरवूनच.

घरी आल्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण मला वाटलं, नानांना निदान हे कळावं की साहेबांनी त्यांना खोटं मानलेलं नाही. म्हणून सगळं सांगितलं आणि तक्ताही दाखवला. त्यांनी तो बघायला म्हणून मागून घेतला. त्या पावसाळ्यात मी जाईन तेव्हा नाना कमी बोलायचे. साडेआठचं माप चालू होतं, पण वहीत लिहून झाल्यावर गल्लीला ऐकू जाईल असं सांगणं बंद झालं होतं. कुणी रस्त्यावरून विचारलं तर हात हलवून आत जात. आई म्हणाली, आताशा जेवणाचा डबा दिला तर तसाच परत येतो. मी म्हटलं, डोळ्यांचं ऑपरेशन झालं की बरं वाटेल. माणूस काय काय म्हणून स्वतःची समजूत घालतो.

नानांच्या नोंदी आज त्या कार्यालयाकडे आहेत. पूर्ण आहेत, एकही दिवस रिकामा नाही. स्वीकारल्याचं पत्र आलं तेव्हा नाना नव्हते, त्याच हिवाळ्यात गेले. ते पत्र माझ्याकडे आहे. त्यात नोंदी अत्यंत काळजीपूर्वक ठेवल्याबद्दल त्यांचं कौतुक केलेलं आहे. ते मी एकदाच वाचलं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते धुळ्याला, आमच्या क्लासमध्ये. दिवाळीच्या आधीची एक दुपार होती. दारात कुणी म्हातारे उभे आहेत म्हणून मुलगी सांगत आली. नाना होते, धुतलेलं धोतर, टोपी, काखेत कापडात बांधलेल्या वह्यांचा गठ्ठा. एस.टी.नं एकटे आले होते, त्या डोळ्यांनी. वहाणा बाहेर काढून ते आत आले आणि यंत्रासमोरच्या खुर्चीला त्यांनी नमस्कार केला. मुली हसल्या नाहीत.

मी गठ्ठा सोडला. ज्या ज्या पानावर रेघ होती तिथे सुतळीचा तुकडा घातलेला. पहिलं पान उघडलं तर रेघेवर निळ्या शाईनं आकडा लिहिलेला होता. दुसऱ्या पानावरही. अक्षर नानांचंच, पण थरथरतं. पोरांच्या पावसाच्या जागीसुद्धा शून्य घातलं होतं. मी काही विचारायच्या आत ते म्हणाले, "बठ्ठा खाना भरी टाकात. आते एक बी रिकामा नही. मी वाचस, तू लिख."

मी नको म्हणाले. वह्या जपून ठेवू म्हणाले, मी ठेवीन, माझ्याकडे ठेवीन, असं पुष्कळ काही म्हणाले. नाना ऐकून घेत होते. माझं बोलणं संपेपर्यंत थांबले आणि मग त्यांनी वही डोळ्यांजवळ नेली.

मी यंत्र चालू केलं. नाना साल सांगत, तारीख सांगत, आकडा सांगत, आणि मी शून्य पुसून तो आकडा टाकत होते. पाठ केल्यासारखं त्यांचं एका सुरात चाललं होतं. अठ्ठ्याहत्तरचं पान आलं. महिरप खोडून तिसऱ्या तारखेचं पाणी तिन्ही तारखांत वाटलेलं होतं. सुतळी काढून त्यांनी मांडीवर ठेवली. श्रावणातल्या तारखेवर बोट ठेवलं आणि आकडा वाचला, दशांशासकट. मी तो टाकला नाही. मला ऐकू गेलं नसेल असं वाटून त्यांनी तो पुन्हा वाचला, जरा मोठ्यानं. मी टाकला. यंत्रानं तो घेतला आणि पुढची तारीख दाखवली.

"फुढे," नाना म्हणाले.